स्कॅन गेलं तरी कुठे

मोठ्या साहेबांनी तिला पहिल्यांदा ऑफिसात आणलं, तेव्हा सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं होतं, "ही आमची सूनबाई. आर्किटेक्ट आहे, पण आधी सूनबाई." म्हणाले असतील गमतीत, पण ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. टायपिस्टकाकू तिला सूनबाई म्हणायच्या, कंत्राटदार सूनबाई म्हणायचा, आणि एका वीटवाल्याने तर पावतीवर सरळ 'श्रीमती सूनबाई' असं लिहून दिलं होतं. पुढे मोठे साहेब निवृत्त झाले, ऑफिस तिच्या हाताखाली आलं, तरी नाव काही बदललं नाही.

निवृत्तीनंतर मोठे साहेब वर्षभर घरात बसले. बसले म्हणजे घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या. मग एक दिवस कोणालाही न विचारता सकाळी ऑफिसात आले आणि मागच्या छोट्या खोलीत जाऊन बसले. तिथे एक टेबल होतं, एक खिडकी होती आणि अडगळीत टाकलेला जुना कॉम्प्युटर होता. तेव्हापासून रोजचा नेम झाला. सगळ्यांच्या आधी यायचं, दार लोटून घ्यायचं आणि जेवायच्या वेळेला घरी जायचं. आत काय करतात हे कोणी विचारलं नाही. पत्ते खेळत असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. सूनबाईनेही.

त्यात हे नवं मशीन आलं. कमरेइतकं उंच, छपाई करणारं, झेरॉक्स काढणारं आणि स्कॅनही करणारं. सूनबाईला त्यातलं स्कॅनच हवं होतं. साइटवरून येणाऱ्या नकाशांवर पेनाने खुणा केलेल्या असायच्या. ते कागद मशीनवर ठेवायचे, बटण दाबायचं आणि थेट ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये उतरवायचे, एवढीच तिची अपेक्षा होती. मशीन बसवायला आलेल्या माणसाने वायर जोडली, एक झेरॉक्स काढून दाखवली, सही घेतली आणि म्हणाला, "नेटवर्कचं तुमचं तुम्ही बघा मॅडम, सोपं असतं." आणि जिना उतरून गेलासुद्धा.

सोपं असतं म्हणे! सूनबाईने माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की फोल्डरचा पत्ता द्या. पत्ता म्हणजे आधी कॉम्प्युटरचं नाव, मग फोल्डरचं नाव. त्याच्या आधी दोन तिरक्या रेघा, त्याही उलट्या. मशीनच्या पडद्यावर सुलटी रेघ सापडली, उलटी सापडेना.

"काकू, उलटी तिरकी रेघ कुठे असेल?"

"माझ्या टाइपरायटरवर नव्हती बाई," टायपिस्टकाकू जागेवरून म्हणाल्या. "आमच्या वेळी रेघा सरळ असायच्या."

शेवटी ती रेघ चिन्हांच्या तिसऱ्या पानावर एका कोपऱ्यात मिळाली. कॉम्प्युटरचं नाव घातलं, फोल्डरचं घातलं, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड. फोल्डर नवा करायची गरजच नव्हती, नवऱ्याने तो फार पूर्वीच करून ठेवला होता. मशीन थोडं घुटमळलं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'कनेक्शन यशस्वी'.

सूनबाईने एका कोऱ्या कागदावर 'चाचणी' असं मोठ्या अक्षरांत लिहून काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. मशीन म्हणालं, 'पाठवले.' ती आपल्या कॉम्प्युटरपाशी गेली, फोल्डर उघडला. आत काही नाही. परत आली, परत दाबलं. 'पाठवले.' परत जाऊन बघितलं. काही नाही. कागदात खोट असेल म्हणून 'चाचणी २' लिहिलं. मग 'चाचणी, कृपया जा'. मग वैतागून स्वतःचा पंजाच काचेवर ठेवला आणि बटण दाबलं. मशीनने तोही पाठवला. कुठे, ते त्यालाच ठाऊक.

जेवण झाल्यावर तिने काही न बदलता पुन्हा एक कागद लावला, आणि तो टुणकन फोल्डरमध्ये येऊन पडला.

"झालं!" ती ओरडली.

"तुम्ही काय केलंत?" काकूंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग तेच करत जा," काकू म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. 'पाठवले', 'पाठवले', आणि फोल्डर रिकामा. दुपारी सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशीही तसंच. सकाळी गायब, दुपारी हजर. सकाळी ऊन मशीनवर येतं म्हणून तिने पडदा ओढून बघितला. वायर बदलून बघितली. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, तिथली बाई फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मशीन बंद करून चालू करा."

"केलं."

"आता स्कॅन होतंय का?"

"होतंय. पण पोचत नाहीये."

"मशीन काय सांगतंय?"

"पाठवलं म्हणतंय."

"मग पाठवलं असेल मॅडम," ती बाई म्हणाली. सूनबाईने फोन ठेवला आणि सकाळचे कागद दुपारी दुसऱ्यांदा स्कॅन करायची सवय लावून घेतली. डोक्याला ताप होता, पण काम चालत होतं.

त्याच सुमाराला मोठे साहेब जरा विचित्र बोलायला लागले.

एकदा जेवायला घरी निघता निघता ते तिच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "हाताला काही झालंय का तुझ्या?"

सूनबाईने दोन्ही हात वर करून बघितले. "नाही बाबा. का?"

"नाही, म्हटलं काही दाखवायचं असेल." आणि छत्री उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते चाचणी चाचणी काय चाललंय? कसली चाचणी?" तिला वाटलं, आपण मशीनपाशी पुटपुटतो ते आत ऐकू जात असेल. "मशीनची हो," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरून काही पटल्यासारखं दिसलं नाही.

मग एकदा तर ते चक्क म्हणाले, "खिडक्या बऱ्या काढल्यास. उजेड चांगला येईल. पण उत्तरेकडच्या एवढ्या रुंद नको करूस, पुस्तकांवर धूळ बसेल."

त्या वेळी ऑफिसात एका वाचनालयाचं काम चालू होतं. दोन मजली, छोटंसंच. पण त्याच्या खिडक्यांबद्दल सूनबाई सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. मुद्दामच नव्हती बोलली. त्यांच्या हाताखाली तिने इतकी वर्षं काढली होती की स्वतःचं एखादं काम कोणाच्या 'पण'शिवाय पार पडावं, असं तिला मनापासून वाटत होतं. ते घरी गेल्यावर तिने टेबलाचे खण तपासले. सगळं जागच्या जागी होतं. तरी तिने त्या दिवसापासून खणाला कुलूप लावलं, आणि लावताना तिची तिलाच लाज वाटली.

"काकू, बाबा माझ्या टेबलापाशी येतात का हो, मी नसताना?"

"मी नाही बघितलं. पण आत ते एकटेच बोलत असतात हं. 'छान', 'अरेरे', 'हे काय केलंस' असं."

"पत्त्यांशी बोलत असतील."

"पत्त्यांना कोणी 'हे काय केलंस' म्हणतं का?" काकूंनी विचारलं.

दोन दिवसांनी कंत्राटदाराचा फोन आला. "सूनबाई, जिना थांबवला बरं का मी. नवीन नकाशा कधी देताय?"

"कोणता जिना? कोणी थांबवायला सांगितला?"

"मोठ्या साहेबांनी. परवा फोन आला होता त्यांचा. म्हणाले, पायऱ्या फार चढ्या आहेत, म्हातारी माणसं कशी चढणार, थांबव, सूनबाई बदलतेय. माणसं बसून आहेत माझी."

सूनबाई उठली ती तडक मागच्या खोलीत गेली. मोठे साहेब चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही वाचनालयाचा जिना थांबवलात?"

"हो. तुझ्याशी बोलणार होतो, पण तू फोनवर होतीस."

"पण जिना तुम्ही बघितलात कुठे? माझे कागद बघता का तुम्ही?"

मोठ्या साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे असं बघितलं की तिचा आवाज आपोआप खाली आला. "बघतो म्हणजे? तूच पाठवतेस."

"मी?"

"रोज सकाळी. कालही पाठवलेस, आजही."

"बाबा, मी तुम्हाला आजवर एकही कागद पाठवलेला नाही."

सूनबाईला वाटलं, झालं, वयाने गाठलं यांना. आणि मोठ्या साहेबांच्या नजरेत जे होतं ते रागासारखं नव्हतंच, काळजीसारखं होतं. ते हळूच म्हणाले, "तुला झोप येते ना नीट? काम फार होतंय का?"

ती बाहेर आली. पुढे होऊन तो स्क्रीन आपण बघायला हवा होता, हे तिला फार उशिरा सुचलं. त्या वेळी तिला तिथे उभं राहवेना, एवढंच खरं.

तिचा नवरा पुलांचा इंजिनियर, महिनोन्‌महिने लांब साइटवर असायचा. तिने गच्चीवर जाऊन त्याला फोन केला. "बाबांचं काहीतरी बिनसलंय. मी त्यांना कागद पाठवते म्हणतात. डॉक्टरांना दाखवायला हवं."

नवरा म्हणाला, "अगं, आत्ताच बाबांचा फोन येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"तू त्यांना रोज कागद पाठवतेस आणि विसरून जातेस म्हणाले. डॉक्टरांना दाखवायला हवं म्हणाले."

"मग तुला काय वाटतं?"

"मला?" नवरा सावधपणे म्हणाला. "मी पुलावर आहे. मला काहीही वाटत नाही."

त्या दिवशी घरी जेवताना ती आणि मोठे साहेब एकमेकांशी इतक्या हळुवारपणे बोलले की जणू समोरचा माणूस काचेचा आहे. त्यांनी तिला पाणी ओतून दिलं. तिने त्यांना विचारलं, आज वार कोणता. ते म्हणाले, "गुरुवार. तुला आठवत नव्हतं का?" तिने त्यांच्या ताटात पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने ठरवलं की हा घोळ निस्तरायचाच. मोठे साहेब आपल्या खोलीत होते. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी आत्ता बाहेर जाते. तुम्ही स्क्रीनसमोर बसा. मी काही पाठवलं असं तुम्हाला दिसलं तर तिथूनच मोठ्याने सांगा."

"बरं," ते म्हणाले, लहान मुलाची समजूत घालावी तशा सुरात.

सूनबाई मशीनपाशी आली. समोर पडलेल्या कागदावर तिने लिहिलं, 'बाबा, किती वाजले?' काचेवर उलटा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. मशीन घरघरलं. टायपिस्टकाकू काम सोडून उठून उभ्या राहिल्या.

मागच्या खोलीतून आवाज आला, "सव्वादहा!"

काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. सूनबाई धावत आत गेली. जुन्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तिचंच अक्षर होतं, 'बाबा, किती वाजले?' आणि त्याच्या बाजूला गेल्या काही आठवड्यांतला सकाळचा एकूण एक कागद. चाचणी, चाचणी २, तिचा पंजा, खिडक्या, जिना. मोठ्या साहेबांनी ते सगळे नीट वेगवेगळे लावून ठेवले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. एकाचं नाव होतं 'खिडक्या, छान'. एकाचं 'जिना, पटत नाही'. पंजाचं नाव होतं 'हात, विचारणे'.

"पण हा तर माझ्या कॉम्प्युटरचा फोल्डर आहे," ती म्हणाली. "नाव तेच आहे."

"हा माझ्या कॉम्प्युटरचा फोल्डर आहे," मोठे साहेब म्हणाले.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "अरे हो."

"अरे हो काय?"

"तुझा नवा कॉम्प्युटर घेतला ना, तेव्हा जुन्यातलं सगळं जसंच्या तसं त्यात उतरवलं मी. म्हणजे कॉम्प्युटरचं नाव, फोल्डर, पासवर्ड, सगळं तेच. जुना तर बंदच होता, मग कशाला बदलायचं, असं वाटलं. बाबा तो चालू करतील हे कोणाला माहीत?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मोठे साहेब सगळ्यांच्या आधी येऊन जुना कॉम्प्युटर चालू करायचे, त्यामुळे सकाळी त्या नावाचा मालक तो असायचा. मशीन बिचारं इमानेइतबारे त्यालाच सगळं नेऊन द्यायचं. दुपारी ते तो बंद करून घरी गेले की नाव तिच्या कॉम्प्युटरकडे यायचं. ना मशीन बिघडलं होतं, ना कोणाचं डोकं.

"म्हणजे हे सगळं तुमच्याकडे चुकून येत होतं!" ती हसत म्हणाली. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्याच्या आनंदात तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"चुकून," मोठे साहेब म्हणाले.

ते हसले नाहीत. त्यांनी उघडलेले कागद एकेक करून बंद केले, मग कॉम्प्युटर बंद केला, छत्री घेतली आणि जेवायची वेळ व्हायच्या खूप आधी घरी गेले. काकू आपल्या जागेवर जाऊन उगाचच कपाट आवरू लागल्या.

सूनबाईने जुन्या कॉम्प्युटरला नवं नाव दिलं. मशीन सकाळ-दुपार चोख चालायला लागलं. मग ती साइटवर गेली. जिन्याचं गणित तिने कंत्राटदारासमोर पुन्हा मांडलं. मोठ्या साहेबांचं म्हणणं पहिल्या कागदापुरतं बरोबर होतं, त्यात पायऱ्या चढ्याच होत्या. पण तिने स्वतःच त्या कमी चढाच्या करून मधला टप्पा पुढे सरकवला होता, आणि तो दुसरा कागद दुपारी स्कॅन झाल्यामुळे त्यांनी कधी बघितलाच नव्हता. उत्तरेच्या खिडक्यांचं मात्र तिने तिथे उभं राहून बघितलं. पलीकडे कच्चा रस्ता होता, ट्रक जात होते, धुळीचे लोट उठत होते. तिने कंत्राटदाराला खिडक्या अरुंद करायला सांगितलं.

"हे तुम्ही सांगताय की मोठे साहेब?" त्याने विचारलं. "नाही, आपलं विचारून ठेवलेलं बरं."

मोठे साहेब पुढे ऑफिसात आलेच नाहीत. सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि ती निघाली तरी मान वर करायचे नाहीत. अशा तीनचार सकाळी गेल्यावर तिने पर्स खांद्यावरून उतरवली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"येत का नाही ऑफिसला?"

"येऊन काय करू? पत्ते खेळू?"

"तुम्ही मला सरळ विचारलं का नाहीत बाबा? चाचणीचा कागद, हाताचा फोटो, असलं कोणी मुद्दाम पाठवतं का?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. "पहिल्या दिवशी वाटलं होतं मला, काहीतरी गडबड आहे. पण मग खिडक्या आल्या. वाटलं, बोलून विचारायला अवघडत असेल, म्हणून असं पाठवते. बरं वाटलं. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर?"

सूनबाईने खुर्ची थोडी पुढे सरकवली. मग ती म्हणाली, "जिन्याचं तुमचं चुकलं. मी नंतर बदलला होता तो."

"असं?"

"आणि खिडक्यांचं माझं चुकलं होतं. अरुंद केल्या."

"किती केल्यास?"

तिने सांगितलं. त्यांनी टेबलावर बोटाने माप काढून बघितलं. "अजून वीतभर अरुंद चालल्या असत्या," ते म्हणाले, आणि लगेच, "पण ठीक आहे."

"मशीनवर तुमच्या नावाचं वेगळं बटण करते. काही दाखवायचं असलं तर पाठवीन."

"उगीच माझं मन राखायला नको."

"मन राखायला नाही. पण कंत्राटदाराला फोन करायचा नाही. जे काय असेल ते मला सांगायचं. आणि मी ऐकेनच असं नाही."

"मीही तुझ्या सासूबाईंचं कधी ऐकलं नाही," मोठे साहेब म्हणाले आणि आत कपडे बदलायला गेले.

बटण झालं. ती आठवड्यातून एखादा नकाशा पाठवायची, ते आतून 'छान' किंवा 'अरेरे' म्हणायचे. कधी ती त्यांचं ऐकायची, कधी दोघांची इतकी जुंपायची की काकू दार लोटून घ्यायच्या. आणि मग एक दिवस मोठे साहेब स्वतःच मशीनपाशी येऊन काकूंकडून बटणं समजावून घेताना दिसले. त्या दिवसापासून सूनबाईच्या फोल्डरमध्ये काहीबाही येऊन पडायला लागलं. वर्तमानपत्रातलं गळक्या छपरांवरचं कात्रण. कुठल्याशा दगडी कमानीचं पेन्सिलचित्र. तिने वैतागून नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बंद करून टाक की त्यांचं बटण." ती म्हणाली, "बंद कशाला करू?" आणि विषय बदलला.

एका सकाळी एक पिवळट नकाशा आला. छोटं घर, दोन खोल्या, पुढे ओटा. कोपऱ्यात तारीख होती, ती तिच्या जन्माच्याही आधीची. ना खूण, ना शेरा, ना प्रश्न. हे घर कुठलं, कोणाचं, बांधलं की कागदावरच राहिलं, काही कळायला मार्ग नव्हता. तिने जरा वेळ वाट बघितली, आतून हाक येईल म्हणून. आली नाही. तेव्हा ती उठून मागच्या खोलीत गेली.

"बाबा, तो नकाशा कशासाठी पाठवलात?"

"बघ म्हणून."

"पण त्यात नक्की काय बघायचंय?"

"बघ तर आधी," मोठे साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूची खुर्ची तिच्यासाठी मोकळी करून दिली. काहीच न समजता ती बसली आणि बघू लागली.